बाळाची चटई

बाळाने चटई मागितली तेव्हा उर्मिला मोरीत निवट्यांना राख चोळत बसली होती. निवटी ही खाडीच्या चिखलातली बुळबुळीत मासळी, मेली तरी हातात ठरत नाही, राखेशिवाय तिला कोणी आवरलेलं नाही.

"वयनी, मना एक चटई पायजे," बाळा म्हणाला. कंपनीतून आला होता तो तसाच, पँटही न बदलता, उंबऱ्यावर उकिडवा बसला होता आणि बोलताना निवट्यांकडे बघत होता.

"माळ्यावर दोन हान. घे जा."

"तसली न्हाय. बैठकीची."

उर्मिलेच्या हातातली निवटी सुटली आणि राखेत जाऊन पडली. तिने ती उचलली नाही.

"दादाला बोल्लास?"

"दादाला काय बोलायचा? चटई तर तुना विनायची असते. म्हनून तुलाच सांगतो."

काशीगावच्या मधल्या आळीत 'बैठकीची चटई' हे शब्द कोणी सहज तोंडातून काढत नसे. हायवेच्या बाजूने इमारती चढत आल्या होत्या, ग्रामपंचायत जाऊन नगरपालिका आली होती, मिठागरांवर भरणी पडत होती. पण आळीची बैठक होती तिथेच होती. लांबोडकी खोली, वर मंगलोरी कौलं, खाली शेणाने सारवलेली जमीन. दाराला फळ्या नाहीत. कधी बसवल्याच नाहीत, कारण यायला कोणाला मज्जाव नको. उधाणाच्या दिवसांत खाजणाची उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कधी उघडायची आणि खाडीचं पाणी कुठवर आत घ्यायचं, हे इथे ठरे. लग्नाची सुपारी इथे फुटे. बांधावरून डोकी फुटली तर तीही फडकं बांधून आधी इथेच आणत, डॉक्टर मागाहून.

आत आडव्या बांबूवर घराघराच्या चटया गुंडाळून टांगलेल्या असत. एका घराची एक चटई. बैठक भरली की घरचा कर्ता ती काढून आपल्या ठरलेल्या जागी पसरणार, बाकीचे पुरुष तिच्या कडेकडेने टेकणार, आणि बोलणार तो कर्ता. गोष्ट पटली नाही तर तंडत बसायचं नाही. उठायचं आणि चटई गुंडाळायची. एक चटई गुंडाळली की तो विषय त्या दिवसापुरता मिटला. भाऊ वेगळा झाला की त्याची चटई वेगळी, पण ती बाजारातून आणून चालत नसे. ज्या घरातून तो बाहेर पडणार त्या घरच्या थोरल्या बाईने ती विणायची. मग भर बैठकीत पंच तिला विचारणार, राजीखुशीनं विणलीस का, आणि तिने मागच्या पडवीतून 'हो' म्हणायचं. बाईचा आवाज बैठकीत उमटायचा तो एवढाच. शेवटी ज्याने मागितली त्याने तिच्यावर बसायचं. कोऱ्या चटईवर जो पहिला बसेल तो तिचा धनी, म्हणून विणून झालेली चटई पोरंटोरं टेकू नयेत अशी उंचावर ठेवत.

बाळाला चटई कशाला हवी, हे उर्मिलेला विचारावं लागलं नाही. बैठकीखालची जमीन सातबाऱ्यावर ह्यांच्याच घराची होती. सासऱ्यांनी ती आळीला दिली, पण तोंडी. बैठकीत दिलेल्या शब्दाला वर कागद लावायचा म्हणजे शब्दाचा अपमान, असे ते दिवस. आता एका बिल्डरला ती जागा मागच्या वाडीसकट हवी होती. माणूस काही वाईट नव्हता. तळमजल्यावर आळीला हॉल बांधून देतो म्हणत होता, पंखे, ट्यूबलाइट, खाली फरशी. हरिश्चंद्र, उर्मिलेचा नवरा, नाही म्हणाला. बाळाचं हो होतं, पण चटई एक म्हणून शब्द एक, आणि तो थोरल्या भावाचा. वेगळी चटई मिळाली की निम्मी जागा बाळाची. आणि निम्मी बैठक घेऊन आळी काय करणार, म्हणजे सगळीच गेली.

तसा बाळा सरळ वकील गाठू शकला असता. कंपनीतल्या मित्रांनी तसं सुचवलंही होतं. पण बैठकीला न विचारता सही करायची त्याची छाती नव्हती. बैठक पाडायची, पण तीसुद्धा बैठकीच्या परवानगीने, रीतसर चटईवर बसून. ह्या घरातले भाऊ म्हणजे एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.

"बघते," उर्मिला म्हणाली आणि राखेतली निवटी उचलली. "जेवायला खाली या दोघं नवराबायको. कालवन आता व्हईल."

खरं सांगायचं तर उर्मिलेला त्या बैठकीचं फारसं कौतुक नव्हतं. जागा ह्या घरची म्हणून सारवण ह्या घरच्या सुनेकडे. दर शनिवारी ती शेणाची पाटी घेऊन जाई, मागच्या भिंतीपासून सुरुवात करी आणि उलट्या पावली सारवत दाराशी येऊन बाहेर पडे. ओल्यावर पाऊल पडून चालत नाही. वाळली की पुरुष येऊन बसत आणि गावाचं भलंबुरं ठरवत. त्या जमिनीचा प्रत्येक खळगा तिच्या हाताला ठाऊक होता, पण तिच्यावर तिने कधी बूड टेकलं नव्हतं. टेकावं असं कोणाच्या मनात आलं नव्हतं, तिच्याही नाही.

तिचा जीव अडकला होता तो बाळात. ती लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा बाळा शाळेतही जात नव्हता. पुढे सासू, दुर्गाबाई, तापाने गेली आणि तो हिच्या कडेवर आला तो बरेच दिवस उतरलाच नाही. खाडीवर जाताना कडेवर, भात लावताना बांधावर टोपलीखाली. आता त्याला चटई विणून द्यायची म्हणजे आपल्या हाताने घराबाहेर काढायचं. बरं, न द्यावी तर राहील. पण राहील कसा? फाटलेलं दूध घरात ठेवून कोणाचं भलं झालंय? तिने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि दोन्ही बाजूंनी तिला वाईटच वाटलं.

शेवटी विळा घेतला आणि खाजणाच्या कडेला उरलेल्या शिंदीच्या झाडांकडे गेली. पोराने मागितलं आणि आपण हात आखडला, असं तिच्याकडून आजवर झालं नव्हतं.

पात वाळवून, भिजवून झाली आणि उर्मिला ओट्यावर पट्टी विणायला बसली, तेव्हा बाळाची बायको रसिका हळूच येऊन शेजारी टेकली. रसिका लालबागची. तिच्या वडिलांनी रिटायर झाल्यावर मीरा रोडला फ्लॅट घेतला होता.

"वहिनी, मी काही करू का?"

"पात चीर. बोट सांभाल, धार असते तिला."

रसिकाने दोन पाती चिरल्या, तिसरीला बोट कापलं आणि ते तोंडात घातलं.

"तुम्हाला वाटत असेल, मीच ह्यांना फूस लावतेय."

"वाटत व्हता," उर्मिला म्हणाली.

रसिकाला हसू आलं. "मला मीरा रोडला जायचंय, ते खरं आहे. आई जवळ, स्टेशन जवळ. पण ते भाड्याने जागा घेऊनही होईल ना. त्याला बैठक कशाला विकायला हवी? मी विचारलं ह्यांना, तर म्हणाले, तुला नाही कळणार. आणि पुन्हा ती गुडघ्याची गोष्ट सांगत बसले."

"कुठल्या गुडघ्याची?"

"तुम्हाला माहीत नाही? उघाडीवरून बैठक बसली होती म्हणे एकदा. हे कॉलेजात होते. ह्यांनी बोलायला तोंड उघडलं तर दादांनी सगळ्यांसमोर ह्यांचा गुडघा दाबला. गप्प बस म्हणून. आमचं लग्न ठरलं ना, तेव्हा पहिल्या भेटीत मला हेच सांगितलं. मी म्हटलं, हा माणूस सिनेमाचं विचारेल, आवडीनिवडी विचारेल, तर हा गुडघा घेऊन बसलाय."

उर्मिलेला ती बैठक आठवली. पडवीत ती होतीच, चहाची किटली घेऊन. उघाडी आता उघडू नका, उधाण मोठं आहे, असं बाळाला सांगायचं होतं. ती उघडली, खारं पाणी शिरलं आणि खालच्या बाजूचं सगळं भात करपून गेलं. पोराचं खरं होतं, हे त्यानंतर घरात कोणी एका शब्दाने म्हटलं नाही. तिनेही नाही. भाकरी वाढताना तिला ते कितीदा तरी आठवलं होतं आणि तिने नुसती भाकरी वाढली होती.

"वहिनी, थांबलात का?"

"पात कडक हाय," उर्मिला म्हणाली आणि पट्टी पुढे विणू लागली.

हरिश्चंद्राने चटई पाहिली ती पट्ट्या एकमेकींना शिवायला घेतल्यावर. तो दिवा लावायला बैठकीत निघाला होता, हातात तेलाची बुधली. हे काम त्याने कधी चुकवलं नव्हतं. मिठागर गेलं, भाताची जमीन निम्मीअधिक गेली, आणि आता दिवसभर तो घरात ह्या खोलीतून त्या खोलीत हिंडे. बैठकीत पाऊल टाकलं की मात्र तो अजून हरिश्चंद्र असे. म्हातारे सरकून त्याला जागा देत. उर्मिलेला ते ठाऊक होतं, आणि त्यापायी त्याची दयाही येई.

"म्हंजे देनार तू," तो म्हणाला.

"मागितली त्यानं."

"विन. तुझा हात, तुझी पात. मी कोन बोलनार?"

"तुमी त्याच्याशी बोलावा म्हनूनच तर तो अडून बसलाय." तिने दाभण बाजूला ठेवलं. "त्याला कधी विचारलंव, तुझा काय म्हनना हाय म्हनून?"

"विचारायचा काय त्याच्यात? मोठा मी हाय. चटई एक हाय."

"मना पन कधी विचारलं न्हाय."

हरिश्चंद्राला हे अनपेक्षित होतं. त्याने बुधली ह्या हातातून त्या हातात घेतली. "तू कवा बैठकीत आलीस?"

"दर शनवारी जाते. शेन घेऊन."

भांडण असतं तर त्याला उत्तर सुचलं असतं, पण ती भांडत नव्हती. मग दिव्याची वेळ टळते म्हणून तो निघून गेला. येताना रोजच्यापेक्षा उशीर झाला.

रविवारी संध्याकाळी बैठक भरली. कर्त्यांनी बांबूवरच्या चटया काढून जागोजाग पसरल्या. बाळाने नवी चटई डोक्यावरून आणली आणि रीतीप्रमाणे मधोमध गुंडाळलेलीच ठेवली. कोऱ्या शिंदीचा वास साऱ्या खोलीत पसरला. बाळा धुतलेला पांढरा शर्ट घालून चटईमागे उभा होता, परीक्षेला आल्यासारखा. पडवीत बायका दाटीवाटीने बसल्या. उर्मिला कुडाच्या फटीशी, आणि तिला खेटून शेजारची विमलाबाई.

"हो बोल आनि सुट," विमलाबाई कानाशी पुटपुटली. "मी पन दिराची विनली तवा तेच केला. तोंडातून काढला आनि घरी जाऊन रडली."

आत सगळ्यांत वडीलधारे पंच बाबाजी खाकरले. ते कानाने अधू होते, पण बैठकीत त्यांना सगळं ऐकू येई, असं आळीत म्हणत.

"हरिश्चंद्राच्या घरची नवी चटई आलीय. कोनी विनली?"

"मी विनली," उर्मिला म्हणाली.

"राजीखुशीनं विनलीस का, बाय?"

'हो' तिने घरून निघतानाच तयार ठेवला होता. तो तोंडापर्यंत आलाही. पण समोर फटीतून बाळा दिसत होता, आणि तो तिच्याच दिशेने बघत होता. लहानपणी खोटं बोलला की ती त्याला समोर उभा करून विचारायची, तेव्हा बघायचा तसा.

"न्हाय," ती म्हणाली.

बाबाजींनी कानाला हात लावला. "काय बोल्ली?"

"राजीखुशीनं न्हाय विनली. पन नीट विनलीय. एक पन पट्टी सैल न्हाय."

बैठकीत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, तिथं हो बोलायचा असतो, कोनी सांगितला न्हाय का बाईला. बाबाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पण पुढे काय करायचं ते त्यांनाही उमगेना. असं उत्तर त्यांच्या उभ्या आयुष्यात आलं नव्हतं, त्यांच्या बापाच्याही आलं नसावं.

"म्हंजे ही चटई धरायची का न्हाय धरायची?"

"ते तुमी ठरवा. पोरानं मागितली, मी दिली. राजी हायस का विचारलंव, तर न्हाय मी राजी. हितं खोटा बोलायचा न्हाय असा तुमीच सांगता."

आता हरिश्चंद्र खूश होईल, असं तिला वाटलं. त्याची जागा वाचली, भाऊ अडकला. पण तो खाली जमिनीकडे बघत होता. सारवणावर बोटांचे अर्धगोल उमटतात, त्यांवरून त्याने हात फिरवला.

"बाबाजी, तिला आत बोलवा," तो म्हणाला. "भिंतीआडून निसता आवाज येतो. मना नीट ऐकायचा हाय."

विमलाबाईने उर्मिलेचा पदर धरला आणि मग सोडून दिला. उर्मिला वळसा घालून पुढच्या बाजूला आली आणि फळ्या नसलेल्या दारातून आत शिरून उभी राहिली. खोली माणसांनी भरलेली तिने आतून कधी पाहिली नव्हती. जिकडे पाहावं तिकडे चटया, आणि प्रत्येकीवर कोणाचा ना कोणाचा हक्क. रिकामी जमीन होती, पण तिच्यावर कसं बसायचं हे तिला कळेना, आणि बस म्हणावं हे कोणाला सुचेना. ती नुसती उभी राहिली, शनिवारी पाटी ठेवते त्या जागी.

बाळा पुढे झाला. आधी त्याने भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग खाली बसून त्याने नवी चटई उलगडली. कोऱ्या चटईचे कोपरे वर येतात, ते त्याने एकेक करून तळहाताने दाबले.

"वयनी, बस."

"अरे, कोरी हाय ती. तू न्हाय बसलास अजून."

"म्हाईत हाय मना."

"बाळा," बाबाजी म्हणाले, "ती बसली की चटई तिची. मग तू पयला होतास तिथंच. समजतंस ना?"

"समजतो. दुसरी मना कोन विनून देनार न्हाय, ते पन." बाळा म्हणाला. मग पुन्हा तिला, "बस ना. किती येल उभी राहशील?"

उर्मिला बसली. गुडघे मोडताना तिला लाज वाटली, आणि बसल्यावर डोळे भरून आले तेव्हा त्याहून जास्त. बाळा जाऊन भावाच्या चटईच्या कडेला टेकला, आपल्या जुन्या जागी. हरिश्चंद्र थोडा सरकला. नंतर आणखी थोडा सरकला, इतका की आता कडेला कोण आणि मध्ये कोण ते सांगता आलं नसतं.

"जागेचा तुझा काय म्हनना हाय, बाळा?" त्याने विचारलं. "सगल्यांसमोर बोल."

बाळाने तोंड उघडलं आणि त्याला एकदम काही आठवेना. मग आठवलं, आणि तो बोलला. जागा विकावी, असंच बोलला. कौलं गळतात, तरणी पोरं इथे फिरकत नाहीत, हायवे रुंद झाला की भिंती हादरून पडतील, त्यापेक्षा पक्का हॉल बरा. बोलता बोलता त्याचा आवाज चढला, तसा हरिश्चंद्राचा हात सवयीने त्याच्या गुडघ्याकडे गेला. उर्मिलेने तो जाताना पाहिला. अर्ध्या वाटेत हात थांबला आणि परत स्वतःच्या मांडीवर येऊन पडला. बाळाचं बोलणं संपेपर्यंत हरिश्चंद्र ऐकत राहिला.

"मना न्हाय पटला," शेवटी तो म्हणाला. "पन उघाडीच्या टायमाला तुझा खरा व्हता. ते मी बोल्लो न्हाय कधी."

बाळाने पांढऱ्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि कौलांकडे पाहत राहिला.

बाबाजींना मात्र विषय मार्गी लावायचा होता. "एका चटईवर दोन तोंडं झाली," ते म्हणाले. "पन ह्या घरच्या आता चटया दोन हान. दुसरीनं बोलायचा."

"बाबाजी, बाईला कसा विचारायचा?" मागून कोणी तरी म्हणालं.

"नियम चटईचा हाय. त्याच्यावर बापया बसलाय का बाय, असा नियमात कुठं हाय?" बाबाजी म्हणाले आणि उर्मिलेकडे वळले. "जागा ठेवायची का द्यायची? बोल, बाय."

सगळी आळी तिच्याकडे बघू लागली. चटईखालून जमिनीचा गारवा वर येत होता. मेढीजवळचा खळगा नेमका तिच्या मांडीखाली आला होता, दर शनिवारी ती चिकाटीने भरायची तो. बसायला तो चांगला होता. आजवर उगाच भरला. समोरच्या दारातून उजेड तिरका आत येत होता, आणि बाहेरून जाणारा रिक्षावाला मान वळवून बघत गेला. इथून असं दिसतं तर, तिच्या मनात आलं. एवढी वर्षं ही माणसं इथे बसून हे बघत होती.

"बोलते," उर्मिला म्हणाली. "पन आज न्हाय. आज पयल्यांदा बसलेय. जरा बसू द्या."